आहारतज्ज्ञांची नोंदवही कुणाच्या हाती?

१२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. संसदेने २०२१ साली केलेला कायदा प्रत्यक्षात आणा, एवढाच तो आदेश होता. तोवर फक्त १४ राज्यांनी नोंदणीचं काम पाहणाऱ्या परिषदा स्थापन केल्या होत्या आणि त्याही चालू असल्याचं दिसत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. कायद्याप्रमाणे या राज्य परिषदा सहा महिन्यांत उभ्या राहायच्या होत्या. हा कायदा म्हणजे राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा; डॉक्टर-परिचारिकांखेरीज आरोग्यसेवेतल्या इतर व्यवसायांचं शिक्षण आणि नोंदणी त्याच्या कक्षेत येते. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत, आणि त्यातला एक पोषणशास्त्राचा: डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट. आहारतज्ज्ञ कुणाला म्हणायचं, हे देशपातळीवर कायद्याने ठरवायची सुरुवात इथून झाली.

त्याआधी होती ती इंडियन डायटेटिक असोसिएशन. १९६३ साली स्थापन झालेली ही संघटना परीक्षा घेऊन ‘आरडी’, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, ही ओळख देत आली. ती ओळख कष्टाने मिळते आणि चांगली रुग्णालयं तिला मानतात. पण ती ऐच्छिक. ती नसलेल्या माणसाला ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं. आता नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र दंड करायचा तर आधी नोंदवही हवी, आणि नोंदवही चालवायला परिषद हवी.

परिषद म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा अध्यक्षपदाची होते. कोण होणार, कुठल्या शाखेचा होणार, सत्कार कुठे. माझ्या मते आहारतज्ज्ञांचं भवितव्य त्या खुर्चीवर फारसं अवलंबून नाही. ते दोन गोष्टींवर ठरेल. एक, नोंदणीचं रोजचं काम माणसं बदलली तरी चालू राहतं का. दोन, आहाराबद्दलचा व्यावसायिक निर्णय आहार शिकलेल्या माणसांच्या हातात राहतो का. कचेरी दहा गटांची एक असली तरी हरकत नाही, किंबहुना ती एकच असावी. निर्णय मात्र वेगळा असायला हवा.

हा निर्णय इतका महत्त्वाचा का, हे ज्यांना ‘डाएट’ म्हणजे वजन कमी करायचा तक्ता वाटतो त्यांना सांगावं लागतं. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाला अनेकदा दिवसाला २,००० मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियमची मर्यादा घालावी लागते. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. ‘अशक्तपणा आहे, रोज दोन शहाळी घ्या’ या सल्ल्याने त्याच्या मर्यादेचा निम्म्याहून मोठा भाग पाण्यातच संपतो. वर कुणी ‘कमी सोडियमचं’ मीठ सुचवलं तर आणखी पंचाईत, कारण त्यात सोडियमची जागा बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते. पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते, आणि घरच्यांना वाटत असतं की आपण माणसाला पौष्टिक देतोय.

दुसरं उदाहरण मेळघाटासारख्या भागातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांचं. तीव्र कुपोषित मुलाला आल्या आल्या भरपूर खाऊ घालायचं नसतं. सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध, १०० मिलीला ७५ कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं, दर किलो वजनामागे दिवसाला १३० मिली. म्हणजे सहा किलोच्या मुलाला ७८० मिली, दर दोन तासांनी ६५ मिली. अंगावर खूप सूज असेल तर किलोमागे १०० मिलीच. भूक परतली, सूज उतरू लागली की मग त्याहून जास्त कॅलरीचं एफ-१००. घाई केली तर उपाशी शरीरातलं फॉस्फेट एकाएकी खाली येतं आणि मूल दगावू शकतं. हे गणित मांडणारी व्यक्ती कोण, ती काय शिकलेली आहे, तिने चूक केली तर जाब कुणी विचारायचा, या प्रश्नांची उत्तरं नोंदवहीत असतात.

आता परिषदेची रचना पाहू. राज्य परिषदेचा अध्यक्ष या क्षेत्रात किमान २५ वर्षांचा अनुभव असलेला असावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयांचे दोन प्रतिनिधी, धर्मादाय संस्थांचे दोन, शासनाच्या वैद्यकीय विभागाचा एक, आणि प्रत्येक गटाचे दोन सदस्य. सगळे नामनिर्देशित, राज्य सरकारने नेमलेले. गट दहा, म्हणजे व्यावसायिकांच्या वीस खुर्च्यांपैकी पोषणशास्त्राच्या वाट्याला दोन. या दोघींनी (बहुधा त्या स्त्रियाच असतील, या व्यवसायात बहुसंख्या त्यांचीच) क्लिनिकल डाएटिशियन, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी सांभाळणारी फूड सर्व्हिस डाएटिशियन, सार्वजनिक आरोग्यातली पोषणतज्ज्ञ आणि खेळाडूंची पोषणतज्ज्ञ अशा सगळ्यांच्या वतीने बोलायचं. बैठकीला एक जण गैरहजर राहिली की अर्धा आवाज गेला.

परिषदेखाली चार स्वायत्त मंडळं आहेत: पदवी शिक्षण, पदव्युत्तर शिक्षण, मूल्यांकन व मानांकन, आणि नीती व नोंदणी. खरा कारभार तिथे चालणार. एखाद्या आहारतज्ज्ञाविरुद्धची तक्रार नीती मंडळासमोर आली आणि त्या दिवशी समोर बसलेल्यांत पोषणशास्त्राचं कुणीच नसेल, तर ‘मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा आजार असताना दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं का दिली’ याचा निवाडा कोण करणार? उत्तर रुग्ण डायलिसिसवर आहे की नाही यावर अवलंबून असतं. डायलिसिसवर असेल तर तेवढी प्रथिनं लागतातच, नसेल तर ती चूक ठरू शकते. एक्स-रे तंत्रज्ञाला किंवा नेत्रतंत्रज्ञाला हे ठाऊक असावं अशी अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे. म्हणून नियमांत स्पष्ट लिहायला हवं की ज्या व्यवसायाची तक्रार, त्या व्यवसायाचे किमान दोन जाणकार सुनावणीला असल्याशिवाय सुनावणी वैध नाही. ते परिषदेचे सदस्य नसले तरी चालतील, नावांची यादी आधीच तयार ठेवता येते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे १९८० च्या दशकापासून आहारतज्ज्ञांचं स्वतंत्र परवाना मंडळ होतं. २०१७ च्या अर्थसंकल्पी विधेयकाने ते बरखास्त केलं आणि २१ जानेवारी २०१८ पासून परवान्यांचं काम राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे गेलं. आहारतज्ज्ञांसाठी उरली ती सल्लागार परिषद. छोट्या मंडळाला ना पुरेसे तपासनीस परवडतात, ना वकील, ना चांगली संगणक व्यवस्था. मोठ्या मंडळात गेल्यावर हे सगळं मिळतं. पण सल्लागार परिषद शिफारस करते आणि ठरवतं वैद्यकीय मंडळ. फायदा कचेरीचा झाला आणि किंमत निर्णयाच्या अधिकाराने मोजली. आपल्याकडे कायदा नुकताच रुजतो आहे, त्यामुळे हीच अदलाबदल करण्याची सक्ती आपल्यावर नाही. नियम लिहितानाच कचेरी सामायिक आणि व्यावसायिक निर्णय गटाचा, अशी वाटणी करता येते. केंद्रीय पातळीवर तर प्रत्येक गटाची वेगळी व्यावसायिक परिषद कायद्यातच आहे, अध्यक्ष आणि चार ते चोवीस सदस्यांची. आयोग आपली कामं तिच्याकडे सोपवू शकतो. ‘शकतो’ या शब्दावर सगळं अडलेलं आहे. अभ्यासक्रमाची चौकट आणि कामाची व्याप्ती या दोन बाबी तरी लेखी आदेशाने सोपवून टाकल्या पाहिजेत, नाहीतर आयोगाचं नेतृत्व बदललं की सोपवलेलं काम परत जाईल.

याची उलट बाजूही आहे, आणि ती व्यवसायातल्या माणसांना ऐकायला आवडत नाही. सगळी सत्ता व्यवसायाच्याच हातात दिली तर मंडळ रुग्णाऐवजी धंद्याची राखण करू लागतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळात आठपैकी सहा सदस्य व्यवसाय करणारे दंतवैद्य होते. दात पांढरे करून देणाऱ्या, दंतवैद्य नसलेल्या दुकानदारांना त्या मंडळाने थांबण्याच्या नोटिसा धाडल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल मंडळाच्या विरोधात लागला: बाजारात स्वतः उतरलेल्यांच्या ताब्यातल्या मंडळावर सरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यापासून त्याला संरक्षण नाही. त्याच राज्यात आहारतज्ज्ञांच्या मंडळानेही हात पोळून घेतले. एक मधुमेही गृहस्थ आपल्या खाण्याचा अनुभव इंटरनेटवर लिहीत होते आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. मंडळाने त्यांच्या लिखाणावर लाल शाईने खुणा करून हे चालणार नाही असं कळवलं. त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा लावला, २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो ऐकण्याजोगा ठरवला, आणि २०१५ मध्ये मंडळाने आपली मार्गदर्शक तत्त्वं सैल केल्यावर वाद मिटला.

आपल्या परिषदेने ही चूक करू नये. बाळंतिणीला अळिवाचे लाडू सुचवणारी आजी, नाचणीच्या आंबिलीवर लिहिणारी लेखिका, उपवासाच्या साबुदाण्याला पर्याय सांगणारा स्वयंपाकी, यांच्या मागे लागण्यासाठी हा कायदा नाही. पैसे घेऊन, एका विशिष्ट रुग्णाच्या रक्ततपासण्या पाहून, त्याच्या आजारावर आहारोपचार ठरवणं, रेषा इथे आखायची. ‘वेलनेस कोच’, ‘हेल्थ कोच’ ही नावं परिशिष्टात नाहीत, त्यामुळे पाटी बदलून तेच काम करणाऱ्यांना पकडायचं असेल तर पाटी नव्हे, काम पाहावं लागेल. ही रेषा लेखी, उदाहरणांसह, मराठीत प्रसिद्ध व्हायला हवी. आणि परिषदेत एक तरी खुर्ची रुग्णाची असावी, ना डॉक्टर ना तंत्रज्ञ, डायलिसिस घेणाऱ्याच्या घरचं कुणी.

आता कचेरी. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण आपल्याकडच्या परिषदा बहुतेक वेळा मतभेदांनी नव्हे तर रिकाम्या खुर्च्यांनी बंद पडतात. निबंधकाचं, म्हणजे नोंदवही सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, पद मंजूर असतं, आकृतिबंधात दिसतं, पण भरलेलं नसतं. मग कुण्या उपसंचालकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. त्याचं मूळ काम वेगळं, परिषदेत तो आठवड्यातून एकदा येतो, फायली तोवर साचतात. त्याची बदली झाली की नव्या आदेशाची वाट. मुदत संपलेल्या संस्थेवर प्रशासक बसतो आणि ‘तात्पुरता’ शब्द लांबत जातो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडेच राहिला. महापालिकेत निदान यंत्रणा मोठी असते. परिषदेत निबंधक म्हणजेच यंत्रणा.

निबंधक बदलतो त्या दिवशी नेमकं काय काय थांबतं? नोंदणी प्रमाणपत्रावरची डिजिटल स्वाक्षरी व्यक्तीच्या नावाने काढलेली असते, ती नव्या माणसाची होईपर्यंत एकही प्रमाणपत्र निघत नाही. बँकेत सही बदलायला ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते, बैठकीला गणसंख्या लागते. तोवर संगणक सेवा पुरवणाऱ्याचं बिल थकतं. पोर्टलचा मुख्य पासवर्ड जुन्या अधिकाऱ्याच्या खासगी मोबाईलवरच्या ओटीपीला बांधलेला असतो आणि तो निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. अर्धवट ऐकलेल्या तक्रारी नव्याने ऐकाव्या लागतात, कारण ज्याने साक्ष ऐकली तो निकाल देणार नाही, आणि जो निकाल देणार त्याने साक्ष ऐकलेली नाही. यातली एकही अडचण धोरणाची नाही, पण प्रत्येकीमुळे कुणाचं तरी पोट अडतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी आहारतज्ज्ञाला ठरावीक महिन्यांनी नवं नियुक्तिपत्र घ्यावं लागतं. तिथे नोंदणी क्रमांक मागितला आणि तो स्वाक्षरीअभावी अडला, तर दोष तिचा नसताना पगार तिचा थांबतो.

उपाय साधे आहेत. निबंधकासोबत पहिल्या दिवसापासून सहनिबंधक नेमायचा आणि दोघांच्याही स्वाक्षऱ्या वैध ठेवायच्या. बँकेत तीन सह्या नोंदवायच्या, कुठल्याही दोन चालतील अशा. पोर्टलचे अधिकार पदाच्या ईमेलवर आणि कचेरीच्या फोनवर. कार्यभार देताना सही करायच्या कागदावर प्रलंबित अर्जांची संख्या, सर्वात जुन्या अर्जाची तारीख, खात्यातली शिल्लक, चालू तक्रारींचा टप्पा, हे सगळं आकड्यात लिहायचं आणि तो कागद संकेतस्थळावर टाकायचा. सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपू द्यायची नाही. पहिल्या नेमणुकीत अर्ध्यांना कमी काळ दिला की पुढे दरवेळी निम्मी माणसं जाणती राहतात. नूतनीकरणाचंही तसंच. पहिल्या वर्षी हजारो जणी एकदम नोंदणी करतील, सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपेल आणि त्या महिन्यात पोर्टल झोपेल. मुदत जन्ममहिन्याला बांधली तर काम बारा महिन्यांत विभागलं जातं.

नोंदणीच्या छाननीत सगळ्यात मोठा घोळ तासांचा होणार आहे. कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवायला तीन ते सहा वर्षांत पसरलेली किमान ३,६०० तासांची पदवी लागते. ‘संलग्न’ व्यावसायिकासाठी २,००० तास, दोन ते चार वर्षांत. आता आपल्याकडची नेहमीची वाट घेऊ: तीन वर्षांची बीएस्सी, मग डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एमएस्सी, मग रुग्णालयात इंटर्नशिप. समजा पदवीची सहा सत्रं, प्रत्येकी १५ आठवडे, आठवड्याला ३० तास. झाले २,७०० तास, म्हणजे ९०० कमी. सहा महिन्यांची इंटर्नशिप, २६ आठवडे गुणिले ४० तास, म्हणजे १,०४०, धरली तर बेरीज ३,७४० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. पण इंटर्नशिप पदवीनंतरची आहे, पदवीची नव्हे, असा अर्थ कुणी लावला तर तीच मुलगी खालच्या वर्गात पडते. असा निर्णय एखाद्या कारकुनाच्या टिप्पणीवर किंवा नव्या अध्यक्षाच्या मतावर सोडता कामा नये. छाननीचा तक्ता आधी ठरवून जाहीर करावा: कुठली पदवी, कुठल्या वर्षांची, इंटर्नशिप किती धरणार, वीस वर्षं रुग्णालयात काम केलेल्या जुन्या पदविकाधारकांचं काय. बाजारात पाय रोवलेल्यांपेक्षा जिल्हा रुग्णालयात निमूट राबलेल्या या ज्येष्ठांची मला अधिक चिंता आहे.

दूरशिक्षणाने घेतलेल्या पदव्यांचा प्रश्नही लगेच येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन असे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलं, याच कायद्याचा आधार देऊन. ते योग्यच झालं. नळीतून आहार देणं घरी बसून शिकता येत नाही. पण त्याआधी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना दारात उभं ठेवायचं, की ठरावीक तासांचं रुग्णालयीन प्रशिक्षण देऊन आत घ्यायचं? मी दुसऱ्या मताचा आहे, परीक्षा मात्र कडक असावी.

आणि नावांचं काय? महाराष्ट्रात लग्नात आडनावच नव्हे तर काही घरांत पहिलं नावही बदलतं. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँक खातं कधी या तर कधी त्या. ज्या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया आहेत तिथे कागदपत्रांतल्या त्रुटींचा मोठा भाग हाच असणार, हे आधीच ओळखून चालावं. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातला नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र, तिन्हींपैकी एक पुरेसं मानावं. नोंदवहीत दोन्ही नावं छापावीत, कारण रुग्ण शोधेल ते पाटीवरचं नाव.

रुग्णाला काय दिसायला हवं, तर मोबाईलवर नाव किंवा क्रमांक टाकला की पात्रता, नोंदणीची मुदत, निलंबन असेल तर त्याची तारीख. एवढं पान रोज अद्ययावत राहिलं पाहिजे. बाकी बैठकांची इतिवृत्तं, प्रलंबित अर्ज आणि निकाली तक्रारी दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत त्याच ठिकाणी टाकाव्यात, अध्यक्षपद भरलेलं असो वा रिक्त.